रिलीव्हर म्हणजे दुय्यम पिचर का? मारियानो रिव्हेराच्या निमित्ताने

अटकेपार:

नमस्कार. माझा मुलगा न्यू जर्सीमध्ये दहावीत शिकतो आणि शाळेच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आहे. गेले दोन हंगाम तो स्टार्टर होता, म्हणजे सामन्याचा पहिला चेंडू त्याच्या हातून पडत असे आणि सातपैकी चार-पाच इनिंग (एका इनिंगमध्ये दोन्ही संघांची एकेक पाळी) तोच टाकत असे. या वर्षी प्रशिक्षकांनी त्याला रिलीव्हर केले आहे. आता तो पाच इनिंग बाकावर बसतो, सहाव्या इनिंगमध्ये कडेला जाऊन हात मोकळा करतो आणि संघ थोडक्या धावांनी पुढे असेल तर शेवटी पंधरा-वीस चेंडू टाकतो. ज्या दिवशी हे ठरले, त्या दिवशी त्याने ग्लव्ह आपल्या खोलीत न नेता गॅरेजमधल्या चपलांच्या मांडणीवर ठेवला आणि पुढचे तीन दिवस तो तिथेच पडून होता.

मी सांगलीत क्रिकेट खेळत वाढलो. नवा चेंडू ज्याच्या हातात तो खरा गोलंदाज, हे आमच्या डोक्यात लहानपणापासून पक्के बसलेले असल्यामुळे मलाही मुलाला मागच्या पंगतीत बसवल्यासारखेच वाटले. त्याची समजूत घालण्यासाठी मी न्यूयॉर्क यांकीज या संघाच्या मारियानो रिव्हेराची माहिती शोधून काढली, पण ती वाचून माझाच गोंधळ वाढला. रिव्हेराने १९ हंगामांतल्या नियमित सामन्यांत मिळून सुमारे १,२८३ इनिंग टाकल्या. त्याच्याबरोबर बरीच वर्षे खेळलेला स्टार्टर अँडी पेटिट याच्या नावावर ३,३१६ इनिंग आहेत. असे असूनही २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीच्या, मतदानात रिव्हेराला ४२५ पैकी ४२५ मते मिळाली, जे बेब रूथलाही साधले नव्हते. निम्म्याहूनही कमी काम केलेल्या माणसाला एकमुखाने एवढा मान का मिळावा, आणि रिलीव्हर होणे ही बढती समजावी की उतरती पायरी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नववी इनिंग:

आपल्या मनात जे आले आहे त्यातले अर्धे खरे आहे, आणि ते मुलापासून लपवू नये असे मला वाटते. बहुतेक रिलीव्हर हे स्टार्टर म्हणून न जमलेले पिचर असतात, आणि रिव्हेराही त्याला अपवाद नव्हता.

पनामातल्या प्वेर्तो काइमितो या मच्छीमार गावात तो वाढला. वडील मासेमारीच्या बोटीवर कप्तान होते आणि हा त्यांच्या हाताखाली काम करत असे. लहानपणी दुधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे ग्लव्ह आणि जुन्या जाळ्याला चिकटपट्टी गुंडाळून केलेला चेंडू, एवढेच त्यांचे साहित्य होते. स्थानिक संघात तो पिचर नव्हता, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या तळांमधला क्षेत्ररक्षक) होता. एका सामन्यात नेहमीच्या पिचरची धुलाई झाली म्हणून त्याने चेंडू हातात घेतला. यांकीजने १९९० मध्ये त्याला अवघ्या दोन-तीन हजार डॉलरच्या बोनसवर करारबद्ध केले. १९९२ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी दोन नव्या संघांसाठी खेळाडू निवडले गेले तेव्हा यांकीजने त्याला राखून ठेवण्याच्या यादीतही घातले नव्हते. कोणीही त्याला उचलले नाही.

२३ मे १९९५ रोजी तो मोठ्या लीगमधला पहिला सामना खेळला, तो स्टार्टर म्हणून. कॅलिफोर्निया एंजल्सविरुद्ध सव्वातीन-साडेतीन इनिंगमध्ये त्याने पाच धावा दिल्या. त्या उन्हाळ्यात डेट्रॉइटच्या डेव्हिड वेल्सच्या बदल्यात त्याला देऊन टाकण्याचा विचार चालू होता. तेवढ्यात खांद्याला विश्रांती देऊन परतलेल्या रिव्हेराचा वेग एकाएकी ताशी ९५ मैलांवर गेल्याचे कळले आणि तो सौदा बारगळला. तरीही त्या हंगामात स्टार्टर म्हणून मिळालेल्या दहा संधींचे त्याला सोने करता आले नाही. हंगामअखेरची त्याची सरासरी ५.५१ होती, म्हणजे दर नऊ इनिंगमागे साडेपाच धावा, आणि एवढ्यावर कोणाचीही जागा पक्की होत नसते.

आता यामागचे कारण पाहा, कारण आपल्या मुलाच्या कामाचे तेच आहे. स्टार्टरला एकाच सामन्यात तेच नऊ बॅटर दोनदा, तीनदा भेटतात. तिसऱ्या भेटीपर्यंत त्यांनी त्याचा हात, चेंडूचा वेग आणि वळण डोळ्यांत साठवलेले असते. म्हणून त्याच्याजवळ तीन-चार प्रकारचे चेंडू हवेत आणि सहाव्या इनिंगसाठी राखून ठेवलेला दमही हवा. रिलीव्हर प्रत्येक बॅटरला बहुधा एकदाच भेटतो. त्याला काहीही राखून ठेवायचे नसते आणि एक-दोन चेंडू अचूक असले तरी त्याचे भागते. क्रिकेटमध्ये बुमराहला दोन षटके आधी देऊन उरलेली शेवटासाठी राखता येतात, पण बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. म्हणून शेवटासाठी वेगळा माणूसच राखावा लागतो.

१९९६ मध्ये रिव्हेरा सातवी-आठवी इनिंग टाकू लागला आणि नववीला, म्हणजे शेवटच्या इनिंगला, क्लोजर (सामना संपवणारा रिलीव्हर) जॉन वेटलँड येत असे. त्या एका हंगामात रिव्हेराने १०७ हून अधिक इनिंग टाकल्या, १३० बॅटर स्ट्राइकआउट (चेंडू मारू न देता बाद) केले, सरासरी २.०९ ठेवली आणि सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तो तिसरा आला. माझ्या मते त्याचा सर्वांत मोलाचा नियमित हंगाम तोच, आणि त्यात त्याच्या नावावर सेव्ह, म्हणजे आघाडी राखून सामना संपवल्याच्या नोंदी, होत्या फक्त पाच.

आकडेमोड:

वरचे शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले आणि तिथूनच पुढे लिहितो. सेव्ह हा आकडा फसवा आहे. शिकागोचे क्रीडा पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांच्या कल्पनेतून तो आला आणि १९६९ मध्ये अधिकृत झाला. नियम साधारण असा आहे की, जिंकलेल्या संघाकडून शेवटचा बाद मिळवणारा पिचर तीन किंवा कमी धावांची आघाडी घेऊन आला आणि त्याने निदान एक इनिंग टाकली, तर त्याला सेव्ह मिळते. बरोबरी होण्याचा धोका फार जवळ असेल किंवा त्याने तीन इनिंग नीट टाकल्या असतील, तरीही मिळते. आता तीन धावांच्या आघाडीवर, तळ मोकळे (म्हणजे कोणत्याही बेसवर धावपटू नसताना) असताना तीन बॅटर बाद करणे हे मोठ्या लीगमधल्या कोणत्याही बऱ्या पिचरला बहुतेक वेळा जमते. उलट सातव्या इनिंगमध्ये तिन्ही तळ भरलेले असताना एका धावेची आघाडी राखणाऱ्याच्या नावावर सेव्ह लागत नाही. पूर्वी गूस गॉसेजसारखे रिलीव्हर दोन-दोन, तीन-तीन इनिंग टाकत असत. १९८८ च्या सुमारास ओकलंड संघाचे व्यवस्थापक टोनी ला रुसा यांनी डेनिस एकर्स्लीला जवळजवळ नवव्या इनिंगपुरताच वापरला, ते यशस्वी झाले, आणि मग सगळी लीग त्याच वाटेने गेली. एकर्स्लीही मुळात स्टार्टरच होता आणि १९७८ मध्ये त्याने २० सामने जिंकले होते. आपल्या मुलाला हे नाव अवश्य सांगा.

रिव्हेराच्या ६५२ सेव्ह हा विक्रम आहे. सप्टेंबर २०११ मध्ये त्याने ट्रेव्हर हॉफमनला, म्हणजे ६०१ ला मागे टाकले. पण केवळ ६५२ साठी ४२५ लोकांनी मत दिले असेल असे मला वाटत नाही. त्याची नियमित हंगामातली सरासरी २.२१ आहे, ती १,११५ सामन्यांतली. खरा आकडा मात्र पोस्टसीझनचा, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या अजिंक्यपदाच्या फेऱ्यांचा, आहे. तिथे समोर फक्त सर्वोत्तम संघ असतात, तिथे तो ९६ सामन्यांत १४१ इनिंग खेळला, अनेकदा आठव्या इनिंगमध्येच उतरला, आणि सरासरी ०.७० राहिली. एवढ्या इनिंगमध्ये त्याला होम रन मारणारे बॅटर दोनच निघाले, १९९७ मध्ये सँडी अलोमार धाकटा आणि २००० मध्ये जे पेटन. नियमित हंगामातल्या आपल्याच सरासरीपेक्षा, अधिक कठीण प्रतिस्पर्ध्यांसमोर आणि ऑक्टोबरच्या थंडीत, तो इतका सरस ठरला.

पेटिटशी तुलना करताना इनिंगची बेरीज पुरेशी नाही, कोणत्या इनिंग हे पाहावे लागेल. तरीही स्पष्ट सांगतो, सर्वसाधारण क्लोजर आणि चांगला स्टार्टर यांतून एक निवडायचा असेल तर मी डोळे मिटून स्टार्टर घेईन, आणि पगार देणारे संघही तेच करतात.

अटकेपार:

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. एक गोष्ट राहिली आहे, आणि खरे तर तीच मला जास्त बोचते आहे. परवाच्या सामन्यात मुलगा एका धावेची आघाडी घेऊन आला आणि त्याने दोन धावा दिल्या. स्टार्टर असताना त्याने तिसऱ्या इनिंगमध्ये दोन धावा दिल्या तर संघाला त्या भरून काढायला वेळ असे. इथे त्याच्या हातून चूक झाली आणि सामना संपला. गाडीत तो पूर्ण वाट एक शब्द बोलला नाही. या लोकांना हे रोजचे कसे सोसते?

खाडीकाठ:

मी दापोलीजवळची, सध्या फिनिक्सजवळ राहते. ४ नोव्हेंबर २००१ रोजी नवऱ्याच्या कंपनीतून मिळालेल्या तिकिटांवर आम्ही मैदानात होतो आणि तेव्हा मला बेसबॉलमधले ओ की ठो कळत नव्हते, त्यामुळे पुढचे अर्धे मी पाहिलेले आहे आणि अर्धे नंतर समजून घेतलेले आहे.

वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा, सातवा आणि निर्णायक सामना, यांकीजविरुद्ध अॅरिझोना. आठव्या इनिंगमध्ये यांकीज २-१ ने पुढे गेले आणि रिव्हेरा आला. त्या इनिंगमध्ये त्याने तीन बॅटर स्ट्राइकआउट केले, तेव्हा आमच्या शेजारचे आजोबा टोपी काढून मांडीवर ठेवून बसले. त्यांच्या लेखी सामना संपला होता. नवव्या इनिंगमध्ये मार्क ग्रेसने एक सिंगल (एका तळापुरता फटका) मारला. पुढच्या डेमियन मिलरने चेंडू बॅटने नुसता थोपवून समोर टाकला. रिव्हेराने तो स्वतः उचलला, दुसऱ्या तळाकडे फेकला आणि ती फेक बाजूला जाऊन मधल्या मैदानात गेली. दोन्ही धावपटू सुखरूप. नंतर तिसऱ्या तळावर एक जण बाद झाला खरा, पण टोनी वोमॅकने डबल (दोन तळांचा फटका) मारून बरोबरी साधली, क्रेग काउन्सेलला चेंडू लागल्यामुळे पहिला तळ मिळाला आणि तिन्ही तळ भरले. धाव वाचवण्यासाठी आतले क्षेत्ररक्षक जवळ ओढले होते. लुइस गोन्झालेसच्या बॅटच्या मुठीजवळ चेंडू लागला आणि तो डेरेक जीटरच्या डोक्यावरून जेमतेम मातीपलीकडच्या गवतावर पडला. क्षेत्ररक्षक नेहमीच्या जागी असते तर तो झेल शाळेतल्या मुलानेही घेतला असता. सामना ३-२, अजिंक्यपद अॅरिझोनाचे. आजोबांची टोपी कुठे गेली ते त्यांनाही सापडत नव्हते.

यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. शेवटचा चेंडू चुकीचा नव्हता; बॅटरला मुठीत कोंडणे हेच त्याचे काम होते आणि ते त्याने केले होते. चूक होती ती फेकीत. रिलीव्हरने रात्री झोपण्यापूर्वी एवढाच हिशेब करायचा असतो की, चेंडू आपल्याला टाकायचा तसा पडला की नाही. निकाल त्याच्या हातात पूर्णपणे कधीच नसतो.

दुसरी गोष्ट मला नंतर कळली. यांकीज जिंकले असते तर त्यांचा खेळाडू एन्रिके विल्सन न्यूयॉर्कमधल्या विजय मिरवणुकीसाठी थांबून १२ नोव्हेंबरच्या विमानाने डोमिनिकन रिपब्लिकला जाणार होता. हरल्यामुळे तो आधीच निघून गेला. त्या विमानाला उड्डाणानंतर लगेच क्वीन्समध्ये अपघात झाला आणि आतले सर्व २६० जण दगावले. आपला मित्र वाचला म्हणून हरलो तेच बरे झाले, असे रिव्हेराने नंतर सांगितले. तो फार श्रद्धाळू माणूस आहे. माझा स्वभाव तसा नाही, पण हा प्रसंग आठवला की मी वाद घालत नाही.

आणि हे एकदाच झाले असे नाही. २००४ मध्ये बोस्टनविरुद्ध, विजयाला तीन बाद उरलेले असताना त्याने आघाडी गमावली आणि पुढे यांकीज ती मालिकाच हरले. पुढच्या एप्रिलमध्ये बोस्टनच्या मैदानावर त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी उपरोधाने टाळ्यांचा कडकडाट केला. त्याने हसून टोपी उंचावली. नियमित सामन्यांत त्याने ८० वेळा आघाडी गमावली आहे, अगदी विक्रमवीर असून.

बाकावरचा प्रवासी:

रिव्हेराचे उदाहरण सुंदर आहे, पण व्यवसाय म्हणून रिलीव्हरचे आयुष्य कसे असते ते त्यातून कळत नाही. मी ओहायोमध्ये राहतो आणि आमच्या गावात खालच्या लीगचा संघ आहे, म्हणून ही दुसरी बाजू वर्षानुवर्षे जवळून पाहिली आहे.

मोठ्या लीगच्या संघात २६ खेळाडू असतात आणि त्यांत जास्तीत जास्त १३ पिचर. त्यांतले पाच स्टार्टर सोडले तर उरलेल्या आठांपैकी क्लोजर एकच. बाकीच्यांची नावे संघाच्या चाहत्यांनाही सप्टेंबरपर्यंत पाठ होत नाहीत. काल ज्याने तीन इनिंग टाकल्या त्याचा हात आज थकलेला असतो, म्हणून त्याने चांगली कामगिरी केली असली तरी त्याला ट्रिपल-ए (मोठ्या लीगच्या लगेच खालची पातळी) संघात धाडून ताज्या हाताचा दुसरा बोलावतात. हे इतके बोकाळले की, आता एका खेळाडूला एका हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा असे खाली पाठवता येत नाही. २०२३ मध्ये मोठ्या लीगमधला किमान वार्षिक पगार ७,२०,००० डॉलर होता आणि ट्रिपल-एमधला ३५,८०० डॉलर. एकाच उन्हाळ्यात माणूस दिवसांच्या हिशेबाने या दोन्हींवर जगतो. त्यात १७२ दिवस भरले की सेवेचे एक वर्ष, आणि अशी सहा वर्षे भरल्यावर आपला संघ निवडण्याचे स्वातंत्र्य. बहुतेक रिलीव्हरचा हात त्याआधीच दगा देतो.

काही जण मात्र चिवट निघतात. जेसी ओरोस्को हा डावखुरा रिलीव्हर २००३ पर्यंत, वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळला आणि १,२५२ सामन्यांचा विक्रम त्याच्याच नावावर आहे; रिव्हेराही त्याच्या मागेच आहे. कारकिर्दीच्या उत्तरार्धात तो अनेकदा एका डावखुऱ्या बॅटरपुरता यायचा आणि परत जायचा. २०२० पासून पिचरने निदान तीन बॅटरना तोंड द्यावे किंवा इनिंग संपवावी असा नियम आला आणि ती जातच संपली.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग (क्रिकेटपटू रिंकू सिंग नव्हे) आणि दिनेश पटेल हे भालाफेक करणारे दोघे २००८ मध्ये एका चेंडूफेक स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केले. दिनेश २०१० मध्ये बाहेर पडला. डावखुरा रिंकू खालच्या लीगमध्ये रिलीव्हर म्हणून आणखी काही हंगाम टिकला, मग दुखापतींनी गाठले आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीत गेला. आयुष्यात बेसबॉल न पाहिलेल्या मुलाने इथवर मजल मारली ही माझ्या दृष्टीने रिव्हेराच्या ६५२ इतकीच नवलाची गोष्ट आहे.

अटकेपार:

ग्लव्ह गॅरेजमधून खोलीत गेला आहे, एवढी प्रगती कळवतो. सर्व उत्तरे मी त्याला मराठीतून वाचून दाखवली, मध्ये मध्ये थांबून. त्याने आजोबांच्या टोपीबद्दल दोनदा विचारले. आता त्याला रिव्हेराचा तो कटर शिकायचा आहे. पंधराव्या वर्षी ते योग्य आहे का?

नववी इनिंग:

आधी कटर म्हणजे काय ते सांगतो. क्रिकेटमधला लेगकटर टप्पा पडल्यावर जिकडे वळतो त्याच दिशेने, पण हवेतच, आणि बॅटपासून अगदी जवळ आल्यावर हा चेंडू सरकतो. उजव्या हाताच्या पिचरचा कटर डावखुऱ्या बॅटरच्या मुठीवर येतो, म्हणून रिव्हेरासमोर बॅटा मोडत असत. २०१३ च्या निरोपाच्या हंगामात मिनेसोटाच्या संघाने त्याला मोडक्या बॅटांची डुलती खुर्चीच भेट दिली. हा चेंडू त्याला १९९७ च्या जूनमध्ये, डेट्रॉइटमध्ये, सहकारी रामिरो मेंडोसाबरोबर सरावाची फेकाफेक करताना अचानक सापडला. त्याची फेक आपोआप वळू लागली आणि मेंडोसा चिडला. ते वळण काढून टाकण्याचा प्रयत्न त्याने काही आठवडे केला, ते जाईना, मग तसेच ठेवले आणि पुढची सोळा वर्षे त्यावरच काढली.

पकड साध्या फास्टबॉलसारखीच असते. बोटे चेंडूच्या मध्यापासून किंचित बाहेरच्या बाजूला आणि जोर मधल्या बोटावर. मनगट मुद्दाम पिळायचे नाही. पिळले की कोपर दुखते, आणि वाढत्या वयात हाच धोका आहे. म्हणून सुरुवात प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, थोड्याच चेंडूंनी करावी. या वयासाठीचे नियमही पाहून ठेवा. पंधरा-सोळा वर्षांच्या पिचरने एका दिवसात ९५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, ७६ किंवा अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती, आणि ३० पर्यंत टाकले तर विश्रांतीचा दिवस सक्तीचा नाही. रिलीव्हर असल्याचा त्याला इथे फायदा आहे, मात्र लागोपाठच्या दिवसांची नोंद तुम्ही घरी स्वतः ठेवा.

२००८ च्या ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या, सामन्याच्या वेळी रिव्हेराने प्रतिस्पर्धी संघाच्या रॉय हॅलडेला ही पकड दाखवली होती. हॅलडेने बोटे कुठे ठेवायची ते चेंडूवर पेनाने आखून घेतले आणि तो चेंडू जपून ठेवला. यांकीजच्या सहकाऱ्यांनी रिव्हेराला त्याबद्दल आपसात दंडही केला म्हणे.

अटकेपार:

आमच्याकडच्या एका नव्या चेंडूवर आत्ताच निळ्या पेनाने दोन बोटे आखली गेली आहेत. पहिला प्रयत्न चुकला म्हणून एक बोट खोडून पुन्हा काढले आहे. उद्या सरावाला जाताना तो चेंडू बरोबर नेणार, असे कळले.